सांडगे आणि सूर्यावरचे डाग

१८ एप्रिल २०२४, गुरुवार

पुन्हा गच्चीवर भांडण! पूर्वेकडचा भाग माझा, टाकीकडचा यांचा, हे मार्चमध्येच ठरलं होतं. तरी सकाळी वर गेले तर माझ्या दुर्बिणीच्या तिन्ही पायांच्या मधोमध परात, आणि परातीत साबुदाण्याच्या पापड्या. विचारलं तर म्हणतात, "इकडं ऊन लवकर येतं की गं." मला तरी काय चांदणं पाहिजे होतं?

लोकांच्या घरी नवरा-बायको सुनेवरून भांडतात, माहेरावरून भांडतात. आम्ही उन्हावरून. एकाला ते पापड्यांवर पाडायचंय, दुसरीला त्याचा फोटो काढायचाय. आमच्या सगळ्या बोगादी वस्तीत असं दुसरं घर नसेल.

निवृत्त झाल्यापासून हे सांडग्यांत शिरलेत. सासूबाईंचे सांडगे एके काळी यांच्या जुन्या वस्तीत, सगळ्या लष्कर मोहल्ल्यात प्रसिद्ध होते. त्या गेल्या आणि कुणी करेना, म्हणून यांनी हाती घेतलं. करतात मात्र झकास, हे इथे लिहायला हरकत नाही, तोंडावर सांगणार नाही. यांचे पणजोबा इथल्या महाराजांच्या घोडदळात होते. पणतू काठी घेऊन कावळ्यांवर चाल करून जातात. मी हसले की रागावतात.

आज सूर्यावर डाग पुष्कळ. धड फोटो एकही नाही.

१९ एप्रिल

ढग. ढगाळ दिवशी आमचं फार छान जमतं.

२१ एप्रिल, रविवार

उजव्या कडेला एक नवा डाग, काळाभोर, गोल. कालच्या फोटोत नव्हता. इंटरनेटवरच्या आजच्या चित्रातही नाही! म्हणजे जगात आधी मी पाहिला. दोनदा तपासलं. लेकीला, सुकन्येला, हुबळीला फोन केला. "आई, तुझं नाव देतील का गं त्याला?" म्हणाली. चेष्टा करत होती, कळलं मला, तरी बरं वाटलं.

ही दुर्बीण तिनेच दिली, मी टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झाले तेव्हा. तारे बघ म्हणाली. रात्री नऊला घोरणाऱ्या बाईने तारे कधी बघायचे? म्हणून मी सूर्य धरला. तो माझ्या वेळेत असतो. दुर्बिणीच्या तोंडावर चंदेरी फिल्मचं झाकण लावायचं, पुठ्ठ्याच्या कड्यात मीच बसवलंय ते. मग सूर्य कसा गार पांढऱ्या बशीसारखा दिसतो. झाकण नसेल तर डोळा जागच्या जागी जळेल. येणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी ऐकवते आणि मगच बघू देते.

तसा दीड वर्षात सगळ्यांनी पाहिलाय सूर्य. दूधवाल्याने, गॅसवाल्याने, शेजारच्या वरलक्ष्मीने तर चारदा. पाहिला नाही तो फक्त यांनी. "नंतर बघतो", "हात ओले आहेत", "चष्मा खाली राहिला". एवढी माझी हौस, आणि घरच्या माणसाने एकदा डोळा लावू नये? मला एवढंच हवंय. एकदा.

२४ एप्रिल

माझा डाग चार दिवस जागचा हललेला नाही. बाकीचे सगळे रोज थोडे थोडे पुढे सरकतात, हा तिथेच, उजव्या कडेला. आज कॅमेरा उघडून काचेवर फुंकर मारली. गेला.

जेवताना यांना सांगावंच लागलं. घास तोंडात धरून इतके हसले की ठसका लागला. "तुझ्या नावाची धूळ," म्हणाले. सुकन्येला अजून सांगितलेलं नाही.

२७ एप्रिल, शनिवार

काल मतदान झालं. बोटावर शाई आहे, ती दुर्बिणीचं बटण फिरवताना सारखी डोळ्यात भरते. पण आज खरी गोष्ट वेगळी.

यांनी आज तांदळाच्या चिकाचे सांडगे घालायला काढले. त्याला जुनी धोतरं ओली करून पसरावी लागतात, त्यावर चमच्याने चीक सोडायचा. तर यांनी सगळी गच्ची धोतरांनी भरून टाकली! माझ्या दुर्बिणीच्या चारी बाजूंना सुद्धा. मी पाय ठेवायचा कुठे? तोंडाला येईल ते बोलले. हे चीक सोडत राहिले. रागारागात डोळा लावला—

सूर्य थरथरत नव्हता.

रोज काँक्रीट तापलं की गरम हवा वर येते आणि सूर्याची कड तेलात पडलेल्या पुरीसारखी फुगते, हलते. आज नाही. कड एकदम रेखीव. डागांच्या भोवतीची ती करडी झालर सुद्धा मोजून घ्यावी अशी. मला वाटलं आज हवाच चांगली आहे. मग धोतरं वाळली, आणि सूर्य पुन्हा हलायला लागला. तेव्हा टाळक्यात प्रकाश पडला. ओल्या कापडाने गच्ची गार होते!

यांना सांगितलं. चमचा खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे माझ्या धोतरांनी तुझा सूर्य शहाणा झाला?"

झाला बाई. आता घरात यांचा भाव वाढणार.

२९ एप्रिल

भाव वाढला आहे. सकाळी गच्चीवर येऊन विचारतात, "किती धोतरं पाहिजेत आज मॅडमना?"

४ मे, शनिवार

रोजचा क्रम लागलाय. मी दुर्बीण लावते, तोवर हे धोतरं पिळून पसरतात. मग मी सूर्याशी, हे चिकाशी. मधे हातभर अंतर. एवढे सुंदर फोटो आजवर आले नव्हते. ओरडून दाखवते, "अहो, हा बघा, हा जोडडाग." खाली वाकूनच म्हणतात, "हां हां, छान आहे." मान सुद्धा वर करत नाहीत.

इतक्या जवळ असतात म्हणून जास्त लागतं. लांब असते तर एवढं वाटलं नसतं.

८ मे, बुधवार

काय हे! डावीकडून आलेला तो बारका डाग दोन-तीन दिवसांत केवढा वाढलाय. आता डाग कसला, वस्तीच आहे. मोठे काळे ठिपके, त्यांना जोडणारे लहान, सगळ्यांना मिळून एक झालर. पृथ्वी किती तरी वेळा मावेल आत. फिल्मचा चष्मा लावून नुसत्या डोळ्यांनी सुद्धा दिसतो!

वरलक्ष्मीला हाक मारली. तिने डोळा लावला आणि कन्नडमध्ये म्हणाली, "अय्यो, सूर्यनिगू सिडुबु बंतेनु?" सूर्यालाही देवी आल्या का! मी हसून हसून खाली बसले, नेमकी ओल्या सांडग्यांवर.

हे सांडग्यांसाठी रागावले. बघितलं मात्र नाही.

१० मे, अक्षय तृतीया

गल्लीतली अर्धी माणसं सकाळी सोनं घ्यायला गेली आणि परत येताना आमच्या गच्चीवर आली. वरलक्ष्मीने बातमी पसरवली होती. जिन्यावर रांग! मी प्रत्येकाला खुर्चीवर बसवून, एक डोळा मिटायला लावून दाखवत होते. घसा बसला. आयुष्यात कुणी माझं एवढं ऐकून घेतलं नव्हतं.

हे सगळ्यांना तळलेले सांडगे आणि ताक देत होते. लोक खूश. वरलक्ष्मीचे यजमान, नरसिंहमूर्ती, यांना म्हणाले, "महादेवराव, नीवु नोडिदिरा? तुम्ही बघितलात की नाही?"

"मी रोजच बघतो हो," हे म्हणाले.

मी ऐकलं. पुढच्या माणसाला दाखवत राहिले, पण मन उडालं.

१२ मे, रविवार

आजचं लिहावंसं वाटत नाही. तरी लिहून ठेवते.

सकाळी पेपरात बातमी होती, सूर्यावरच्या या डागांमुळे लडाखला आकाश लाल झालं म्हणून. मी पेपर घेऊन वर गेले, यांच्यापुढे धरला. म्हटलं, लडाखच्या आकाशाला कळलं, तुम्हाला कळत नाही. दोन दिवसांत हा डाग पलीकडे जाईल. आज तरी बघा. हे म्हणाले, "बेड गं. नको. सुम्ने, उगीच का मागे लागतीस?" मग मी परवाचं काढलं. लोकांसमोर खोटं कशाला बोललात? माझी हौस तुम्हाला पोरखेळ वाटते, तर तसं सांगा तोंडावर. बरंच बोलले. रडले पण, खोटं का लिहू?

यांनी हात धुतले. पुसले. कठड्याला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "मी एकदा बघितलाय."

ऐंशी सालचं ग्रहण. फेब्रुवारीतलं. हे एकोणीस वर्षांचे. लष्कर मोहल्ल्यात भरदुपारी सगळी दारं बंद, रस्त्यावर कुत्रं नाही. सासूबाईंनी पाण्यात दर्भ टाकलेला, आणि ताकीद दिलेली, बाहेर पाऊल टाकायचं नाही. हे मागच्या भिंतीवरून कौलांवर चढले. हातात फोटोची निगेटिव्ह, कुणा मावसभावाच्या लग्नाची. "नवरा-नवरी पांढरे-काळे झालेले, आणि त्यांच्या मधून सूर्य," म्हणाले. डावा डोळा मिटून उजव्याने बघितलं. मजा वाटली म्हणून बघतच राहिले.

संध्याकाळी उजव्या डोळ्यासमोर मधोमध एक डाग. तो गेलाच नाही.

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"आईला सांगितलं असतं तर तिने सगळ्या मोहल्ल्याला सांगितलं असतं, ‘मी म्हटलं होतं की नाही’ म्हणून. त्यापेक्षा डोळा गेलेला परवडला."

नोकरीच्या तपासणीला आधी डाव्या डोळ्याने तक्ता वाचला, पाठ केला, आणि उजव्याने म्हणून दाखवला! मला हसू आलं, आणि हसताना परत रडू आलं. सदतीस वर्षांचा संसार. या माणसाला अर्धवट शिजलेला भात चालत नाही हे मला माहीत, पोट कधी बिघडणार हे मला आधी कळतं, आणि डोळ्याचं माहीत नाही!

मी म्हटलं, अहो, पण माझी फिल्म वेगळी आहे. निगेटिव्ह नाही ती. त्यातून काही होत नाही.

"असेल गं. तू म्हणतीस म्हणजे असेल. पण माझ्याकडे आता एकच आहे."

एवढं बोलून सांडगे उलटायला गेले.

१३ मे

दिवसभर एक डोळा मिटून घरात फिरले. कशाला, माहीत नाही. दोनदा दाराला धडकले.

आता बघा म्हणणार नाही. कधीच नाही. नाही बघितला म्हणून काय बिघडलं?

बिघडलं नाही, पण वाटतं अजून.

१४ मे

डाग उजव्या कडेवर गेलाय, बारीक रेघेसारखा. उद्या दिसणार नाही. सूर्य फिरतो, तसा तो पाठीमागून जाईल आणि टिकला तर दोन आठवड्यांनी डावीकडून पुन्हा येईल.

आज झाकण काढून न्हाणीघरात नेलं, अंधार केला आणि फिल्ममागे दिवा धरला. तपासायची रीत आहे ती, दर वेळी करायची. सुरुवातीला करत होते. मग सवय झाली, आणि कंटाळा. आज का केलं? कारण पहिल्यांदाच वाटलं, यांनी समजा डोळा लावला असता तर?

कडेजवळ एक भोक. सुईच्या टोकाएवढं. दिव्याचा ठिपका लखकन् आला.

सगळी गल्ली बघून गेली यातून! पुस्तक काढलं. एवढ्या बारक्या भोकाने डोळ्याला इजा होत नाही, चित्र थोडं फिकं होतं, काळ्या शाईचा ठिपका दिला की झालं, असं लिहिलंय. तीनदा वाचलं. तरी वरलक्ष्मीकडे जाऊन डोळे कसे आहेत विचारून आले. "का हो? चन्नागिदे," म्हणाली, छान आहेत म्हणे, आणि मला कॉफी पाजली.

शाईचा ठिपका देणार नाही. झाकण मोडून टाकलं. नवी फिल्म मागवली.

यांना सगळं सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं. म्हणाले, "तू सांगितलंस हे बरं केलंस." मग थोड्या वेळाने, "मला नसतं सांगता आलं."

१९ मे

पाऊस. सांडगे घरात, पंख्याखाली. पलंगावर, सोफ्यावर, शिलाई मशीनवर. मी उभी.

२३ मे, गुरुवार

फिल्म आली. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून नवं झाकण केलं. पुठ्ठा दुहेरी घेतला. हे समोर बसून टेप कापून देत होते. मग दोघं न्हाणीघरात, दार बंद, दिवा. मी फिल्म इंच इंच बघितली.

"परत एकदा बघ," हे शेजारून म्हणाले.

परत बघितलं. स्वच्छ.

वरलक्ष्मी नेमकी तेव्हा आली. आम्ही दोघं अंधाऱ्या न्हाणीघरातून बाहेर पडलो आणि ती लाजून परत गेली. आता काय समजावणार?

२६ मे

ढग. हे विचारतात, "तुझा तो आला का मागून?" म्हटलं, वाट बघते. "टिकला असेल ना?" माझ्यापेक्षा यांनाच काळजी!

२८ मे, मंगळवार

आला! डाव्या कडेवर, बारीक, चपटा, पण तोच. थोडा रोडावलाय. एवढा मोठा फेरा मारून आला तर रोडावणारच.

मी यांना फक्त सांगितलं. बघा म्हटलं नाही.

२९ मे

लिहायचं कसं?

सकाळी न बोलवता आले. हात कोरडे होते. नवं झाकण दुर्बिणीवर बसवलेलं होतं, ते यांनी स्वतः हलवून बघितलं, घट्ट आहे ना. "स्वल्प सरक," म्हणाले. मी उठले. हे खुर्चीवर बसले. चष्मा काढून माझ्याकडे दिला.

इतकी वर्षं नव्हे, दीडच वर्ष, पण इतकी वाट मी परीक्षेच्या निकालाचीही पाहिली नव्हती.

यांनी डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि उजवा लावला.

दोन मिनिटं बसले असतील. मग उठले, चष्मा घातला. "छान आहे," म्हणाले. "गोल आहे."

मी "हो ना" म्हटलं. आणखी काय म्हणणार? मधोमध जिथे बघायचं तिथेच यांना काही दिसत नाही. नुसती कड बघून, माझ्यासाठी छान म्हणाले. जो डोळा गेलाय तोच दिला मला बघायला. जिन्यात थांबून पदराने तोंड पुसलं आणि खाली आले. दुपारी श्रीखंड केलं. का केलं विचारलं नाही यांनी, दोन वाट्या खाल्लं.

३० मे

न्हाणीघरात दिवा धरून फिल्म तपासली. आता रोज तपासणार, कुणी बघो न बघो. हे दारात उभे होते.

१ जून

आज मी उठायच्या आत फिल्म तपासून झाली होती. यांनीच. स्टुलावर झाकण, शेजारी दिवा. "साफ आहे," म्हणाले. आणि धोतरं पिळायला गेले.

२ जून, रविवार

आज हे बसले आणि उजव्या डोळ्यावर हात ठेवला.

डावा लावला. मी शेजारी उभी, श्वास सुद्धा जपून घेत होते. मग डोळा न काढता म्हणाले, "रत्ना, याच्या मानाने माझा डाग काहीच नाही गं."

मी म्हटलं, सरका, मला फोटो काढायचाय. "थांब की," म्हणाले. धोतरं वाळली, कावळ्यांनी अर्धे सांडगे नेले, तरी दुर्बीण मला मिळाली नाही.